‘थिन’च्या पोटातली तन्वी

प्रश्न : माझी मुलगी तन्वी धरमपेठेतल्या एका वर्गात जर्मन शिकते आहे. ‘ड्युन’ म्हणजे बारीक, पातळ, हा शब्द आला तेव्हा तिने त्याचं मूळ शोधलं. तिथे *थुन्नुझ असं तारा लावलेलं एक रूप, त्याखाली विभक्तींचा भला मोठा तक्ता आणि शेवटी संस्कृत ‘तनु’शी नातं, असं सगळं दिसलं. तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. माझे दीर म्हणतात, म्हणजे जर्मन संस्कृतातूनच निघाली. मुलगी म्हणते, ही जुनी भाषा कोणी लिहूनच ठेवली नाही, तर तिची रूपं पाहिली कोणी? यातलं खरं काय?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नातं खरं आहे. आणि तुमच्या मुलीचं नाव या गोष्टीत वरवरचं आलेलं नाही. ‘ड्युन’ लिहिताना दोन ‘न’ का लिहायचे, हे ‘तन्वी’ या स्त्रीलिंगी रूपावाचून उलगडतच नाही. तिथवर जायचं आहे, पण आधी तुमच्या दिरांचं म्हणणं बघू.

दोन भाषांतले शब्द जुळले म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी मांडलं होतं ते हेच : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातली जवळीक इतकी दाट आहे की तिघींचा उगम एकच असला पाहिजे, आणि तो उगम कदाचित आता शिल्लकही नसेल. संस्कृत ही बहीण आहे, आई नाही, याची साक्ष संस्कृतच देते. आपला ‘च’ घ्या, ‘रामश्च लक्ष्मणश्च’मधला. त्याच अर्थाचा लॅटिन शब्द ‘क्वे’, ग्रीक ‘ते’. दोन्हीकडे स्वर ए. संस्कृतात अ दिसतो खरा, पण कंठ्य क-वर्णाचा तालव्य ‘च’ व्हायला पुढे ए-इ-सारखाच स्वर लागतो. म्हणजे संस्कृतच्या पूर्वजातही तिथे ए होता. त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग तो स्वतः ‘अ’मध्ये मिसळून गेला. जुनी चीज संस्कृतने हरवली, धाकट्या म्हणवल्या जाणाऱ्या बहिणींनी जपली. आई असती तर असं झालं नसतं. दिरांना हे जरूर वाचून दाखवा. संस्कृत मी जन्मभर शिकवली, तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच तिच्या नावावर नसलेलं श्रेय तिला चिकटवलेलं मला सोसवत नाही.

आता ताऱ्याबद्दल. शब्दाआधीची ही खूण सांगते की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, ते तुलनेने काढलेलं आहे. ती रूढ केली आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने, एकोणिसाव्या शतकात. *थुन्नुझ ही ज्या भाषेतली, तिला आद्य-जर्मॅनिक म्हणतात. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक आणि आता मेलेली गॉथिक, या सगळ्यांची ती आई. इसवी सनाच्या आधीच्या काही शतकांत दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या टापूत ती बोलली जात असावी. तिच्यात कोणी पोथी लिहिली नाही, हे तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर.

पण पोथी नाही म्हणजे पुरावा नाही, असं नव्हे. शेवटचा ‘झ’ घ्या. ‘हा कुठून आणलात?’ असं माझे विद्यार्थी हमखास विचारत. डेन्मार्कमध्ये गालेहूस गावी १७३४ साली सोन्याचं एक शिंग सापडलं. ते साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचं. त्यावर रून लिपीत कोरलं होतं : ‘एक ह्लेवगस्तिझ होल्तियझ होर्ना ताविदो’, म्हणजे ‘मी, होल्तचा ह्लेवगस्ती, याने हे शिंग घडवलं’. १८०२ साली ते शिंग चोरीला गेलं आणि चोराने वितळवून टाकलं. अक्षरं मात्र आधीच उतरवून घेतलेली होती. त्यात ‘-गस्तिझ’, ‘-तियझ’ हे प्रथमेचे प्रत्यय डोळ्यांना दिसतात. आपल्या ‘रामस्’, ‘हरिस्’मधल्या ‘स्’चेच ते भाऊ. दुसरा पुरावा परक्या घरातून येतो. फिनिश ही अगदी वेगळ्या कुळातली भाषा, पण शेजार जुना. राजाला फिनिशमध्ये आजही ‘कुनिंगास’ म्हणतात. इंग्रजीचं ‘किंग’ झालं, जर्मनचं ‘क्योनिश’ झालं, प्रत्यय झिजून गेला. उसना घेणाऱ्याने तो तसाच ठेवला. ‘सुंदर’साठी त्यांचा ‘काउनिस’ हा शब्दही असाच घेतलेला, जर्मन ‘श्योन’चा भाऊ. काढलेलं रूप *स्काउनिझ, आणि फिनिश लोकांच्या तोंडी ‘काउनिस’. याहून आणखी काय हवं?

आता ‘तनु’. मूळ धातू ‘तन्’, ताणणे. ताणली की वस्तू बारीक होते, यातून ‘तनु’चा अर्थ आला. माझं माहेर तांडापेठेतलं, घरात हातमाग होता, त्यामुळे हा धातू मला पाठांतराआधी ठाऊक होता. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताण्याला खळ लावायची तर तो गल्लीभर लांब पसरावा लागे, दोन्ही टोकांना माणसं ओढून धरत. कुठे तार तुटली की वडील दोन टोकं बोटांत पिळून अशी सांधत की सांधा नजरेला सापडत नसे. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, आणि बारीक सूत ताणताना हात फार हलका लागतो. ताणणे आणि बारीक असणे ही एकाच कामाची दोन अंगं आहेत. गवयाची तान त्याच धातूची, तंतू त्याच धातूचा, आणि ग्रीक ‘तोनोस’मधून इंग्रजीत आलेला ‘टोन’ही त्याच धातूचा. ग्रीक काव्यात ‘तनु-’ हे समासात पहिलं पद म्हणून येतं. होमरच्या ओडिसीत समुद्रकावळ्यांना ‘तनुग्लोस्सोइ’ म्हटलं आहे, लांब जिभेचे.

‘तनु’चा ‘थुन्नु’ कसा झाला? पहिला ‘त’ सोपा आहे. जर्मॅनिक भाषांत मूळचा त घासून थ झाला, आणि तो दहा-वीस नव्हे, सगळ्या मूळ शब्दांच्या आरंभी झाला : त्रि आणि ‘थ्री’, तृण आणि ‘थॉर्न’, तृष्णा आणि ‘थर्स्ट’. १८१८ साली डॅनिश अभ्यासक रास्क आणि १८२२ साली याकोब ग्रिम यांनी हा नियम मांडला. पुढे जर्मनने त्या थ चा ड केला : ड्राय, डोर्न, डुर्स्ट, ड्युन. तन्वीला हे एकदा बसलं की इंग्रजीवरून जर्मन शब्द ओळखायची किल्ली हातात येईल.

‘अन’च्या जागी ‘उन’ कसं आलं, त्याचं कारण असं : मूळ भाषेत, म्हणजे संस्कृत आणि जर्मॅनिक या दोघींच्या समाईक आईत, तिथे स्वर नव्हताच, ‘न’ हाच स्वराचं काम करत होता. अशा न चं संस्कृतात अन् किंवा अ होतं, जर्मॅनिकमध्ये उन. नकाराचा आपला ‘अन्-’ आणि जर्मनचा ‘उन-’ ही तीच जोडी. अज्ञात, इंग्रजीत ‘अननोन’.

आणि आता दुसरा न. ‘तनु’त एकच न आहे, मूळ रूपातही एकच. मग जर्मॅनिकमध्ये दोन कुठून? पुल्लिंगी रूपाकडे कितीही बघत बसलात तरी उत्तर मिळत नाही. स्त्रीलिंगाकडे वळा. तनु अधिक ई, उ चा व्, तन्वी. शाळेतला यण् संधी. जर्मॅनिकच्या पूर्वजातही स्त्रीलिंगी रूप असंच होतं, न् च्या मागोमाग व्. आणि जर्मॅनिकमध्ये न् आणि व् शेजारी आले की व् न मध्ये विरघळतो : न्व चं न्न होतं. म्हणून स्त्रीलिंगी रूप *थुन्नी. तिथून हा जोड न पुल्लिंगात गेला आणि *थुन्नुझ तयार झालं. म्हणजे पुरुषाच्या रूपाने बाईच्या रूपाकडून घेतलं. एकट्या उदाहरणावर मी विश्वास ठेवला नसता, पण जोडीला आपली हनुवटी आहे. संस्कृत ‘हनु’, एक न, गॉथिक ‘किन्नुस’, दोन न, इंग्रजी ‘चिन’. (‘हनु’च्या ह बद्दल अभ्यासकांत वाद आहे, नियमाने तिथे ज यायला हवा, न बद्दल नाही.) तिथेही विभक्तिरूपांतल्या न्व चंच न्न झालं.

तन्वीची दुसरी खूण स्वरात आहे. पुढच्या अक्षरात इ किंवा य असला की जर्मन आणि इंग्रजीच्या पूर्वजांत मागचा उ ओठ गोल ठेवून इ कडे सरकला. जर्मन लिहिताना त्या उ वर दोन टिंबं देतात, ती हीच. जुन्या इंग्रजीत ‘थ्युन्ने’, आणि तिथून ‘थिन’. *थुन्नुझ या पुल्लिंगी रूपात असा इ नाही, तो स्त्रीलिंगाच्या ई-य मधून आला. उलट उत्तरेकडे बघा : जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘थुन्र’, स्वीडिशमध्ये ‘टुन’. तिथे स्वर बदलला नाही, पण लिहिताना न दोनच. म्हणजे जोड न सगळ्या घरभर पसरला होता, आणि ई चा रंग काही बहिणींनीच घेतला. मला हा सगळा पुरावा फार सुंदर वाटतो. तन्वीतला व् दुसरा न होऊन बसला आणि ई ने ‘उ’वर टिंबं चढवली, मूळ अक्षरं दोन्ही गेली, काम दोघांचं उरलं.

लॅटिनमध्ये तर स्त्रीलिंगाने पूर्ण राज्य घेतलं. तिथे गुरु, लघु, मृदु, तनु यांचे भाऊ ‘ग्राविस’, ‘लेविस’, ‘मोल्लिस’, ‘तेनुइस’ असे सगळेच इ-कारान्त आहेत. गुर्वी, लघ्वी, मृद्वी, तन्वी या रूपांची ई सगळ्यांनी धरली.

आपल्या नागपूरकरांना हे रूप परकं वाटायचं कारण नाही. मेघदूतातल्या यक्षाने आपल्या पत्नीचं वर्णन सुरू केलं ते ‘तन्वी श्यामा’ या दोन शब्दांनी, आणि तो यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं.

राहिला तक्ता. गॉथिकात चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने केलेलं बायबलचं भाषांतर आपल्यापर्यंत आलं आहे, त्यामुळे गॉथिक रूपं लिहिलेली मिळतात. ‘थुन्नुझ’सारखंच चालणारं तिथलं विशेषण ‘हार्दुस’, कठीण. प्रथमेत हार्दुस, पण पुल्लिंगी द्वितीयेत ‘हार्द्याना’, मध्ये य. तो य स्त्रीलिंगातून आलेला. आणि गंमत म्हणजे गॉथिकात स्त्रीलिंगाची प्रथमाही ‘हार्दुस’च, पुल्लिंगासारखी. पाणिनी अष्टाध्यायीत म्हणतो ‘वोतो गुणवचनात्’ : उ-कारान्त गुणवाचकाला स्त्रीलिंगात ई विकल्पाने. मृद्वी म्हणा की स्त्रीलिंगीही मृदुः म्हणा, दोन्ही चालतं. हा विकल्प किती जुना असावा याची कल्पना गॉथिक देते.

तक्त्यातली चतुर्थी बघताना मला शाळेतली शब्दरूपावली आठवते. रामाय, पण सर्वस्मै. सर्व, अन्य, विश्व अशी मोजकी विशेषणं संस्कृतात सर्वनामासारखी चालतात, तस्मै-यस्मै-कस्मै यांच्या चालीवर. आपण ती अपवाद म्हणून घोकली. जर्मॅनिकने काय केलं, तर तो अपवाद सगळ्या विशेषणांना लावून टाकला! गॉथिकात ‘आल्स’ म्हणजे सर्व, त्याची चतुर्थी ‘आल्लम्मा’. सर्वस्मैमधला स्म आणि आल्लम्मामधला म्म एकच. त्याचा उरलेला म आजच्या जर्मनमध्ये तन्वी रोज म्हणत असेल : ‘मिट ड्युनेम फाडन’, बारीक धाग्याने. तो शेवटचा ‘म’ म्हणजे तस्मैचा ‘स्म’.

पण पुढे ‘डेम’ आलं, ‘तो’ ठरावीक धागा असं सांगायचं असलं, की ‘मिट डेम ड्युनेन फाडन’. म चा न झाला. ही विशेषण चालवायची दुसरी, दुर्बळ म्हणतात ती पद्धत. विभक्तीचं ओझं ‘डेम’ने उचललं की विशेषण सैल पडतं. मराठीत ‘चांगला मुलगा’ पण ‘चांगल्या मुलाला, चांगल्या मुलाने, चांगल्या मुलाचा’. विभक्ती नामाने घेतली, विशेषण एका ‘-या’वर भागवतं. जर्मनच्या ‘-एन’कडे तन्वीने याच नजरेने पाहावं, निम्मा तक्ता पाठ करायची गरज उरत नाही. या न चा उगम मात्र वेगळा. एखाद्याला त्याच्या गुणावरून ओळखायचं, त्यासाठी हा न लागत असे. लॅटिनमध्ये ‘कातुस’ म्हणजे चतुर, आणि ‘कातो’ (अंगरूप ‘कातोन-’) म्हणजे तो चतुर माणूस. त्याचंच पुढे घराण्याचं नाव झालं.

इंग्रजीने हे सगळं सोडून दिलं. ‘थिन’ला ना लिंग, ना वचन, ना विभक्ती, आपल्या ‘बारीक’सारखंच. बारीक मुलगा, बारीक मुलगी, बारीक सूत. पण हा फारसी पाहुणा आमच्या आजीच्या तोंडी अविकारी राहिला नाही : बारका पोरगा, बारकी पोरगी, बारकं पोरगं. रूप चालवायची जिभेची ओढ अशी असते. उ-कारान्त विशेषणाला य जोडणारा गॉथिक माणूस हेच करत होता.

प्रश्न : इंग्रजी ‘स्वीट’ आणि संस्कृत ‘स्वादु’ एकच का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : हो, आणि वर सांगितलेला सगळा खेळ इथेही आहे. काढलेलं रूप *स्वोतुझ : आ चा ओ, द चा त. स्त्रीलिंगी स्वाद्वीसारख्या रूपातली ई इथेही स्वर बदलून गेली, म्हणून जुन्या इंग्रजीत विशेषण ‘स्वेते’. क्रियाविशेषणाला ती ई कधी लागलीच नाही, म्हणून ते ‘स्वोते’च राहिलं. जर्मन ‘झ्यूस’वरची टिंबंही तिचीच. लॅटिन भाऊ ‘सुआविस’.

प्रश्न : मग इंग्रजी ‘गुड’ म्हणजे आपलं ‘गोड’च ना? अर्थही जवळचा आहे.
– एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : नाही. ऐकायला कितीही सारखं वाटलं तरी नाही. जर्मॅनिकमधला ग मूळच्या घ-कारापासून येतो. मूळचा ग असता तर त्याचा क झाला असता, जसा द चा त झाला. गुरु हा शब्दच बघा, गॉथिकात त्याचा भाऊ ‘कौरुस’, जड. ‘गुड’चं आद्य-जर्मॅनिक रूप *गोदझ, त्याचा मूळ अर्थ जुळणारं, योग्य बसणारं असा दिसतो, आणि इंग्रजी ‘गॅदर’ हे क्रियापद त्याच घरातलं. आपलं ‘गोड’ गुळाच्या, संस्कृत ‘गुड’च्या घरातलं मानलं जातं. कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. ‘थिन’ आणि ‘तनु’ ऐकायला फारसे सारखे नाहीत तरी सख्खे आहेत, कारण त्यांच्यातला फरक नियमाने घडला. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळतात, आपण ‘बदनाम’, ‘बदसूर’ म्हणतो त्यातला तो ‘बद’. त्या दोघांचंही काही नातं नाही.